वेग आणि बिल : ठाणे, कल्याण-डोंबिवलीतील घरगुती इंटरनेटचा इतिहास

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण ही मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावरची स्थानके, पण भिंतीवरच्या टेलिफोनच्या नकाशावर ठाणे एका बाजूला आणि बाकीची दोन शहरे दुसऱ्या बाजूला पडली. १९८६ साली महानगर टेलिफोन निगम म्हणजे एमटीएनएल स्थापन झाली आणि मुंबईबरोबर ठाणे तिच्या हद्दीत आले. ठाण्याच्या क्रमांकाआधी मुंबईचाच ०२२ लागतो. डोंबिवली आणि कल्याण मात्र केंद्राच्या दूरसंचार खात्याकडे राहिली, ऑक्टोबर २००० मध्ये भारत संचार निगम म्हणजे बीएसएनएल निघाल्यावर तिच्याकडे गेली आणि त्यांचा ०२५१ हा कोड वेगळाच राहिला. मोबाइलचे परवाने देताना सरकारने पुन्हा तिसराच हिशेब केला. मुंबईच्या मोबाइल क्षेत्रात मुंबई आणि नवी मुंबईबरोबर कल्याणचे टेलिफोन क्षेत्रही घातले. डोंबिवलीकराच्या खिशातला फोन मुंबईचा आणि भिंतीवरचा महाराष्ट्राचा, असा हा प्रकार. घरगुती इंटरनेट बराच काळ भिंतीवरच्या फोनच्या तारेतूनच आले. त्यामुळे सकाळी एकाच लोकलने कामाला निघणाऱ्या दोघांची नेटची कंपनी, योजना, दर आणि तक्रारीचा क्रमांक वेगवेगळा असे. आपल्याला मिळते ते शेजारच्या शहरात किती रुपयांना मिळते, ही तुलना येथील ग्राहकाच्या अंगवळणी पडली ती अशी.

विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट. सामान्य ग्राहकाला २५० तासांसाठी ५,००० रुपये मोजावे लागत. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत खाते मिळे, पण त्यात चित्रे दिसत नसत, फक्त अक्षरे. टेलिफोनच्या कॉलचा आकार वेगळा. हा आकारच खरी डोकेदुखी होती, कारण मोडेम जोडलेला असेपर्यंत मीटर फिरत राही. नेटसाठी फिरवायचा मुंबईतला क्रमांक ठाण्याहून स्थानिक होता. डोंबिवलीहून तो ०२२ लावून फिरवावा लागे. पुढे १७२ पासून सुरू होणारे इंटरनेटसाठीचे खास क्रमांक आले आणि हा फरक मिटला. तरीही नेट चालू असताना घरचा फोन ‘एंगेज’ लागणे काही थांबले नाही. त्या काळी लँडलाइनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेल्या कुटुंबांना हे सहन होण्यासारखे नव्हते. वेगाबद्दल फारसे कोणी बोलत नसे. तुलना करायला दुसरा वेगच नव्हता. बोलले जाई ते फोनच्या बिलाबद्दल आणि अडवून ठेवलेल्या फोनबद्दल.

म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बहुतेक घरांचे इंटरनेट घराबाहेर होते. ठाण्यात आणि डोंबिवलीत स्टेशनलगतच्या रस्त्यांवर सायबर कॅफे उभे राहिले. लाकडी पार्टिशनमधले संगणक, भिंतीवर तासाच्या दराचा कागद, आणि परदेशी गेलेल्या मुलाला ई-मेल पाठवायला आलेले, टंकलेखन येणारे पण माऊस नवा असलेले निवृत्त कारकून. नोव्हेंबर १९९८ मध्ये केंद्राने खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे परवाने द्यायला सुरुवात केली आणि सत्यम इन्फोवे ही पहिली मोठी खासगी कंपनी बाजारात आली. स्पर्धेमुळे कॅफेचा दर झपाट्याने उतरला. घरात नेट घेण्याचा विचार करणाऱ्याने त्यानंतर पुष्कळ वर्षे हाच दर मनात धरला होता: तासाला वीस रुपयांत बाहेर मिळते, तर घरी महिन्याला पाचशे कशाला?

याच सुमारास दुसरी एक तार घरोघरी पोचली होती, ती केबल टीव्हीची. हॅथवे, इकारा (पुढे तिचेच नाव यू टेलिकॉम झाले) आणि सत्यमची सिफी यांनी मुंबई महानगर परिसरात केबलचालकांच्या जाळ्यावरून इंटरनेट द्यायला सुरुवात केली. या व्यवस्थेत कंपनीपेक्षा महत्त्वाचा माणूस होता स्थानिक केबलवाला. गच्चीवर स्विचचा डबा, एका इमारतीवरून दुसरीवर टाकलेली निळी किंवा करडी लॅन वायर, खिडकीच्या फटीतून आत घेतलेले तिचे टोक, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पावतीपुस्तक घेऊन दारात येणारा मुलगा. जाहिरातीत कंपनीचे नाव असले तरी ग्राहक त्याला ‘आमचा नेटवाला’ म्हणे. नेट बंद पडले की टोल-फ्री क्रमांकाऐवजी फोन त्याच्या मोबाइलवर जाई. ‘बॅकएंडला प्रॉब्लेम आहे, अर्ध्या तासात येईल’ हे त्याचे ठरलेले उत्तर. कंपनीचा सेवाकक्ष जे ऐकून घेणार नाही ते हा ऐकून घेई, आणि कंपनीला जे माफ झाले नसते ते याला माफ होई. येथील ग्राहकांच्या प्रतिक्रियांचा विचार करताना हा माणूस वगळून चालत नाही.

ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्राचे ब्रॉडबँड धोरण जाहीर झाले. सेकंदाला २५६ किलोबिट किंवा त्याहून अधिक वेगाची, कायम चालू असणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या त्यात झाली. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ आणि एमटीएनएलने ‘ट्रायबँड’ सुरू केले. जुन्याच तांब्याच्या तारेवर बोलणे आणि नेट वेगवेगळ्या कंपनसंख्येवर चालत. तारेच्या घरातल्या टोकाला स्प्लिटर नावाची लहानशी डबी बसवली की नेट चालू असतानाही फोन वाजे. अनेक घरांना वेगापेक्षा याचेच अप्रूप जास्त होते. फोन फिरवून नेट जोडण्याच्या जुन्या पद्धतीवरून, म्हणजे डायलअपवरून, आलेल्याला २५६ किलोबिट म्हणजे विमान वाटले, पण कौतुकाला लगेच एक गैरसमज चिकटला. किलोबिट आणि किलोबाइट यांतला आठपटींचा फरक विक्रेत्याने सांगितलेला नसे. ‘२५६’ घेतलेल्या माणसाला फाइल उतरताना पडद्यावर सेकंदाला तीसच्या आसपास आकडा दिसे आणि आपल्याला फसवले, अशी त्याची खात्री होई. हा गैरसमज पुढे प्रत्येक नव्या वेगाबरोबर पुन्हा उगवला. शंभर एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट, घेऊन पडद्यावर साडेबारा दिसते म्हणून तक्रार करणारे आजही आहेत.

डेटावनच्या पहिल्याच वर्षात, २६ जुलै २००५ ला, उल्हास नदीच्या पुराने कल्याण, बदलापूर परिसराची दैना केली. जमिनीखालच्या तांब्याच्या तारांच्या सांध्यांत पाणी गेले की फोनवर खरखर येते आणि त्याच तारेवरचे ब्रॉडबँड तर आधीच मान टाकते. पावसाळ्यात नेट जाणे ही त्या वर्षीपुरती गोष्ट राहिली नाही. टेलिफोन एक्सचेंजपासून घर जितके लांब तितका वेग कमी, हाही या तंत्राचा दोष. खाडीच्या बाजूला आणि एमआयडीसीच्या पलीकडे वाढत चाललेल्या नव्या वस्त्यांच्या वाट्याला ही लांबी जास्त आली.

त्या पहिल्या योजनांतली खरी मेख होती वापराची मर्यादा. साध्या योजनेत महिन्याला ४०० एमबी ते १ जीबी एवढाच डेटा मिळे आणि त्यापुढच्या प्रत्येक एमबीला वेगळा आकार पडे. याला उतारा म्हणून रात्रीची सवलत आली. बीएसएनएलच्या ५०० रुपयांच्या योजनेत पहाटे दोन ते सकाळी आठ या वेळेतला वापर मोजला जात नसे. एमटीएनएलची ५९० रुपयांची ‘नाइट अनलिमिटेड’ योजना ठाण्यात लोकप्रिय होती. या सवलतींनी घरांचे वेळापत्रक बदलले. डाउनलोडची यादी दिवसा करून ठेवायची, दोनला संगणक आपोआप जागा होईल अशी व्यवस्था करायची, आणि आठच्या आत कोणीतरी मोडेम बंद करायचा. सकाळी सातची लोकल पकडणाऱ्या घरात हे काम आई किंवा आजी-आजोबांकडे येई. मोडेमचा दिवा नुसता लुकलुकत राहिला तर पैसे पडतात, एवढे इंटरनेट कधीही न वापरलेल्या माणसांनाही कळले होते. बिलाची भीती एवढी पक्की होती की दिवसा नेट लावायला मुलांना परवानगी घ्यावी लागे.

या पार्श्वभूमीवर १ जानेवारी २००७ ची घटना महत्त्वाची आहे. तत्कालीन दूरसंचार मंत्री दयानिधी मारन यांनी ते वर्ष ब्रॉडबँड वर्ष म्हणून जाहीर केले आणि दोन्ही सरकारी कंपन्यांनी आपल्या बहुतेक योजनांचा वेग एकदम २ एमबीपीएसपर्यंत नेला. दर तेवढेच, वेग आठपट. कागदावर याहून उदार वाढ नंतर क्वचितच झाली असेल. पण डेटाची मर्यादा त्या प्रमाणात वाढली नव्हती. हिशेब सोपा आहे: २५६ किलोबिटच्या वेगाने अखंड चालवल्यास १ जीबी संपायला नऊ तास लागत, २ एमबीपीएसने तो अडुसष्ट मिनिटांत संपतो. ४०० एमबी तर अर्ध्या तासाच्या आतच. आधी संथपणा हाच बिलाला घातलेला लगाम होता, तो सुटला. याच काळात ऑर्कुट आणि यूट्यूब घरात शिरले होते, पाने जड झाली होती, आणि संगणकातील विंडोज न विचारता स्वतःची डागडुजी उतरवून घेत असे. ज्यांनी वापराची सवय बदलली नाही त्यांच्या बिलात वाढीव आकार दिसू लागला. ज्यांनी अमर्याद वापराची ९०० रुपयांची योजना घेतली होती त्यांची तक्रार उलटी होती: बिल निश्चित, पण वेग जुन्या २५६ वरच अडकलेला. जास्त पैसे देणाऱ्या घराला कमी वेग, असे चित्र काही काळ राहिले.

त्या जानेवारीत फुकट मिळालेल्या वेगाचे लोकांनी सरसकट स्वागत केले नाही, ते यामुळे. त्यात कृतघ्नपणा नव्हता, घरखर्चाचे अंकगणित होते. रेल्वेचा पास, सोसायटीचा मेंटेनन्स, वाण्याची यादी आणि दुधाचे बिल हे महिन्याचे खर्च आधी ठरलेले असतात. त्या रांगेत बसू न शकणारा, वापरावर वाढणारा खर्च पगारदार घराला नको असतो. या भागाला तुलना करून संघटित खरेदी करण्याची सवयही जुनी आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचे खरेदी संघ ठाणे-डोंबिवलीतही चालत आले आहेत. नगाला किंवा किलोला दर विचारणाऱ्या या ग्राहकाने इंटरनेटचा दरही वेगावर न काढता ‘महिन्याला नक्की किती’ यावर काढला. वेग दुय्यम ठरला. पुढच्या दहा वर्षांत कोणती कंपनी टिकली आणि कोणती हटली, याचा उलगडाही यातून पुष्कळसा होतो.

स्थानिक केबलवाल्याने नेमके हेच ओळखले. त्याचा वेग २५६ किंवा ५१२ किलोबिटच असे, पण योजना अमर्याद आणि बिल ठरलेले. शिवाय अनेक लहान सेवादारांकडे ‘पिअरिंग’ची सोय होती. मुंबईतल्या मुंबईत किंवा त्याच जाळ्यातल्या दुसऱ्या ग्राहकाकडून येणाऱ्या माहितीला बाहेरची बँडविड्थ लागत नाही, म्हणून तेवढ्यापुरता वेग कितीतरी जास्त मिळे. सिनेमे उतरवणाऱ्या तरुणांत एखाद्या सेवादाराची कीर्ती त्याच्या जाहीर वेगापेक्षा या छुप्या वेगावर ठरत असे. २००९ नंतर तिकोना कंपनीने तार टाळून गच्चीवर अँटेना लावून बिनतारी नेट देण्याचा प्रयोग मुंबई परिसरात केला. ज्या सोसायट्या वायरी ओढू देत नव्हत्या तेथे त्याला वाव मिळाला.

केबलवाल्याचा शत्रू होता भारनियमन. मुंबई शहरात वीज जात नव्हती त्या वर्षांत कल्याण-डोंबिवलीला महावितरणच्या वेळापत्रकाप्रमाणे रोज काही तास अंधार असे. घरात इन्व्हर्टर असला तरी उपयोग नसे, कारण चार इमारती पलीकडच्या गच्चीवरचा स्विच बंद पडलेला असे आणि त्या इमारतीचा फीडर वेगळा, म्हणून भारनियमनाची वेळही वेगळी. एका घराचे नेट दिवसातून दोनदा जाई: एकदा स्वतःची वीज गेल्यावर, एकदा दुसऱ्याची. टेलिफोन एक्सचेंजला मात्र बॅटऱ्या असत, त्यामुळे तांब्याच्या तारेवरची सेवा इन्व्हर्टरवर चालू राही. बिलाचा विचार केला तर केबल, अखंडपणाचा केला तर बीएसएनएल, अशी विभागणी झाली. परवडणाऱ्या घरांनी दोन्ही जोडण्या ठेवल्या.

‘अमर्याद’ या शब्दाचा अर्थ २०१० नंतर बदलला. ठरावीक डेटा संपला की पैसे वाढायचे नाहीत, वेग घसरायचा. कंपन्यांनी याला ‘फेअर यूसेज पॉलिसी’ म्हटले आणि ग्राहकांनी नुसते ‘एफयूपी’. बिलाची भीती गेली, पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नेट रांगू लागे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१२ मध्ये ही मर्यादा आणि नंतरचा वेग स्पष्ट सांगण्याचे बंधन घातले, ऑक्टोबर २०१६ मध्ये मर्यादा संपल्यावरही वेग ५१२ किलोबिटच्या खाली नेऊ नये असे ठरवले. दाद मागण्याची कागदोपत्री सोय त्याआधीपासून होती. ट्रायचे २००६ चे नियम १ जानेवारी २००७ पासून लागू झाले. दुरुस्तीला तीन कामकाजाच्या दिवसांहून जास्त लागले तर सात दिवसांचे, सातांहून जास्त लागले तर पंधरा दिवसांचे आणि पंधरांहून जास्त लागले तर महिन्याचे भाडे वजा करावे, असे त्यांत लिहिले होते. हा नियम माहीत असलेला ग्राहक मात्र विरळाच होता. ग्राहक मंचाचा दरवाजाही काही वर्षे जवळपास बंद होता. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोनच्या वादांसाठी तार कायद्यातील लवादाची वाट दाखवली होती. फेब्रुवारी २०२२ च्या निकालाने ग्राहक मंचात जाण्याचा हक्क पुन्हा स्पष्ट झाला.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची मोबाइल सेवा सुरू झाली आणि कित्येक महिने डेटा फुकट वाटला गेला. घरगुती नेटच्या सर्व किमती त्यानंतर नव्याने मांडल्या गेल्या. स्थानिक सेवादारांनी दर तेच ठेवून वेग दुप्पट-चौपट केला. या वेळी प्रतिक्रिया आनंदापेक्षा संशयाची होती: आजवर देता येत होते तर दिले का नाही? तोवर १५ टक्के सेवाकर होता, त्याच्या जागी जुलै २०१७ मध्ये १८ टक्के जीएसटी आला. जाहिरातीतला आकडा आणि बिलातला आकडा यांतली दरी वाढली, आणि ‘प्लस जीएसटी’ हे दोन शब्द नेटवाल्याशी होणाऱ्या प्रत्येक घासाघिशीत आले.

५ सप्टेंबर २०१९ रोजी जिओफायबर व्यावसायिक पातळीवर सुरू झाले. सर्वांत स्वस्त योजना ६९९ रुपयांची, १०० एमबीपीएसची, पण डेटा महिन्याला १०० जीबी आणि वर सुरुवातीची ५० जीबीची भर. चाचणीच्या काळात केवळ अनामत भरून हाच वेग फुकट वापरलेल्या घरांना हे महाग वाटले. २००७ सारखाच वेगाला मर्यादेचा लगाम पुन्हा दिसला. कंपनीने वर्षभरात हिशेब बदलला. ३१ ऑगस्ट २०२० ला ३९९ रुपयांत ३० एमबीपीएसपासूनच्या अमर्याद योजना आल्या, एअरटेलने ४९९ रुपयांत ४० एमबीपीएस देऊ केले आणि बीएसएनएलने ४४९ रुपयांची फायबर योजना काढली. अमर्याद म्हटले तरी बारीक अक्षरांत ३,३०० जीबीची मर्यादा होतीच. पण ३० एमबीपीएसने रात्रंदिवस चालवले तरी ती गाठायला दहा दिवस लागतात. साध्या घराला अशी मर्यादा असून नसल्यासारखी. ३९९ चे जीएसटीसह ४७१ होतात, एवढीच कुरकुर उरली.

दरम्यान मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि रोज मुंबईला जाणारी ही शहरे घरात बसली. बीएसएनएलने लँडलाइनधारकांना महिनाभर १० एमबीपीएसचे नेट विनामूल्य देऊ केले. तोवर कोणी न विचारलेला प्रश्न आता पुढे आला: वर पाठवण्याचा वेग किती? तांब्याच्या तारेवर माहिती खाली झरझर उतरते, वर मात्र हळू चढते. सिनेमा बघताना ते खटकत नाही. बाबांची मीटिंग, आईची बँकेची कामे आणि मुलांची शाळा दोन खोल्यांच्या घरातून एकाच वेळी सुरू झाल्यावर चेहरे गोठू लागले, आवाज तुटू लागले. वर-खाली सारखाच वेग देणारे फायबर लोकांनी या कारणासाठी घेतले. आजवर बिलाच्या निश्चितीला पहिला मान देणाऱ्या या ग्राहकाने दोनशे-तीनशे रुपये जास्त मोजायची तयारी प्रथमच दाखवली, कारण नेट बंद म्हणजे त्या दिवसाची रजा, असे कार्यालये धरू लागली होती. ‘स्पीड टेस्ट’चा फोटो काढून नेटवाल्याला पाठवण्याची रीतही तेव्हाच रुळली.

घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा डोंबिवलीजवळच्या पलावासारख्या मोठ्या वसाहतींत प्रश्न वेगळा आहे. इमारतीच्या डक्टमध्ये कोणाची तार जाऊ द्यायची हे व्यवस्थापनाच्या हाती असल्यास वेग आणि दर यांवर रहिवाशाचा ताबा राहत नाही. जुन्या डोंबिवलीतल्या चार मजली इमारतीत पर्याय अधिक, घासाघीस अधिक आणि गच्चीवर वायरींचे जंजाळही अधिक. नव्या मनोऱ्यात भिंती स्वच्छ आणि निवड कमी. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना त्यांच्या डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे नियम केले, ते स्वेच्छेचे आहेत.

ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या या सगळ्या काळात दोनदाच बदलली. २००४ चे २५६ किलोबिट २०१३ मध्ये ५१२ झाले, आणि २५ जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने किमान वेग २ एमबीपीएस ठरला. ठाण्याच्या आणि डोंबिवलीच्या घरांना १ जानेवारी २००७ रोजी, बिलाच्या धास्तीसह, मिळालेला वेग तोच होता.